अठ्ठ्याण्णव की शंभर? बेळगावातले चार दिवस

गुरुवार

गोल्फच्या तीन बॅगा एका डिकीत मावत नाहीत, हे गाडी विकणारा कधी सांगत नाही. पुण्याहून पहाटे निघालो तेव्हा माझी एकटीच बॅग होती, ऐसपैस आडवी. कोल्हापुरात डॉक्टर चढला, त्याची बॅग तिच्यावर तिरकी. निपाणीत तिसरा भिडू त्याच्या नव्याकोऱ्या बॅगेसह रस्त्यातच उभा होता. ती शेवटी मागच्या सीटवर डॉक्टरच्या मांडीशी बसली आणि पुढचा सगळा प्रवास ड्रायव्हरचं, म्हणजे लांब मारायच्या काठीचं, लोकरी टोपरं त्याच्या गालाला घासत राहिलं.

आम्ही चौघं बेळगावच्या एकाच शाळेतले. पांगलो, पन्नाशीच्या आसपास एकेक जण या खेळात सापडला आणि गेली काही वर्षं संक्रांतीनंतरच्या आठवड्यात बेळगावला जमतो. चौथा भिडू तिथंच असतो. उद्यमबागेत त्याचं मशीन शॉप आहे आणि मैदानाचा सभासदही तोच, त्यामुळे आमच्या सगळ्या सहली त्याच्या पाहुणचारावर. बायकोनं निघताना विचारलं होतं, "या वेळी तरी शंभराच्या आत येणार का?" तिला गोल्फमधलं एवढंच कळतं, की आकडा जितका कमी तितका बरा. हेही कळलं ते 2021 च्या ऑगस्टमध्ये, अदिती अशोक टोकियोत चौथी आली तेव्हा. त्या शनिवारी सकाळी अर्धा देश चहाचा कप घेऊन तिचे पट, म्हणजे होलात घालायचे हलके फटके, मोजत बसला होता.

रस्त्याचं काय सांगावं. कोगनोळीचा टोलनाका गेला, पाट्यांची लिपी बदलली, माणसांची भाषा बदलली नाही. उसाच्या ट्रॉल्या, तवंदीचा घाट, संकेश्वर, मग वंटमुरीचा उतार. काकती दिसली की माझी मान आपोआप उजवीकडे-डावीकडे वळते, काही ओळखीचं उरलंय का बघायला. उरलंय थोडं.

शुक्रवार

सकाळी सातला धुकं असं होतं की टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभं राहून समोर कापूस पिंजल्यासारखं दिसत होतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर, जानेवारीत बोटं पार काकडतात. अशा थंडीत बॉल पातळ, म्हणजे काठीच्या कडेनं, लागला तर दस्त्यातून कोपरापर्यंत मुंग्या जातात. माझा पहिलाच फटका तसा होता.

बॅग वाहायला, कॅडी म्हणून मामा आले. त्यांचं खरं नाव आम्हाला ठाऊक आहे, पण सगळं मैदान त्यांना मामाच म्हणतं. साठीच्या पुढचे, कानटोपी, पायात कॅनव्हासचे बूट. कुणाचा बॉल कुठं पडणार हे ते बॉल हवेत जायच्या आधीच चालायला लागून सांगतात. मी टीवर उभा राहिलो की ते उजवीकडच्या झाडांकडे चालू लागतात. आता याचा राग मानावा की सोय समजावी?

पहिले पाच होल बरे गेले. सहाव्याला पहिला बॉल उजवीकडे पांढऱ्या खुंटांच्या पलीकडे. पांढरे खुंट म्हणजे हद्द, बॉल हद्दीबाहेर गेला की एक फटका दंड आणि पुन्हा पहिल्याच जागेवरून मारायचं. पुन्हा मारला, पुन्हा पलीकडे. निपाणीकर म्हणाला, "सीमाभागातला माणूस, खुंटाच्या कुठल्या बाजूला राहायचं हे ह्याचं अजून ठरंना." पाचवा फटका मैदानात राहिला. सहावा ग्रीनच्या, म्हणजे होलाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या, अलीकडे, सातवा ग्रीनवर, दोन पट. नऊ.

चिडून मारलेल्या त्या दुसऱ्या बॉलबद्दल दिवसभर वाईट वाटत राहिलं. पहिला जाणं हा अपघात. दुसऱ्यासाठी मी पाच नंबरचं आयर्न, ही आखूड पण बेताची काठी, घ्यायला हवं होतं. मामांनी ते बॅगेतून अर्धं उपसूनही ठेवलं होतं. मी पाहिलं आणि ड्रायव्हरच घेतला.

पुढं एक आठ आणि आणखी एक नऊ झाला. ते सविस्तर सांगण्यासारखे नाहीत, एकात वाळूचा बंकर होता आणि दुसऱ्यात मीच होतो. पहिल्या नऊ होलांत 51 आणि पुढच्या नऊत 55, म्हणजे एकूण 106.

संध्याकाळी यजमानाच्या व्हरांड्यात स्कोअरची कार्डं पसरून बसलो. मध्ये कुंद्याची पुडी. बेळगावात वाढलेल्या माणसाला कुंदा चमच्यानं दिला तर त्याचा अपमान होतो, तो पुडीतूनच बोटानं काढायचा. चार बोटं, चार कार्डं आणि एकच शब्द, 'वगळता'.

"तीन होल वगळता," मी म्हणालो, "पंधरा होलांत ऐंशी. म्हणजे होलाला साडेपाचसुद्धा नाही."

"पटिंग वगळता मी आज उत्तम खेळलो," डॉक्टर. त्याचे 97 झाले होते आणि चेहरा सुतकी होता.

यजमान 91. तो काही वगळत नाही. आयुष्यभर दोन शतांश मिलिमीटरच्या हिशेबात जगलेला माणूस.

"मी सकाळ वगळतो," निपाणीकर म्हणाला. त्याचे 112. "दुपारचं जेवण लई चांगलं झालं."

डॉक्टरचं दुःख मात्र खरं होतं. हँडिकॅप म्हणजे खेळाडूच्या कुवतीप्रमाणे त्याला मिळणारे सवलतीचे फटके. "माझा हँडिकॅप अठरा. अठरावाल्यानं सत्त्याण्णव मारायचे? तीन महिने झाले, एकदासुद्धा हँडिकॅपला खेळलो नाही. तो खोटा आहे किंवा मी म्हातारा झालोय."

इथं माझ्यातला निवृत्त बँकवाला जागा झाला. गोल्फ खेळणाऱ्या निम्म्या लोकांचा हाच गैरसमज असतो, की हँडिकॅप म्हणजे आपली सरासरी. तसं ते नाही. 2020 पासून जगभर जी एकच पद्धत आली, तिच्यात तुमच्या शेवटच्या वीस राउंडांतले सर्वांत चांगले आठ घेतात आणि फक्त त्या आठांची सरासरी काढतात. मैदान किती अवघड हेही त्यात धरतात. त्याला स्लोप म्हणतात, तो 55 ते 155 मध्ये कुठंही असतो आणि मधला प्रमाण आकडा 113. पण मूळ गोष्ट ती आठाची. उरलेले बारा हिशेबातच नाहीत.

"म्हणजे," डॉक्टर हळूहळू म्हणाला, "वीसपैकी बारा दिवस मी हँडिकॅपपेक्षा वाईट खेळणार, हे आधीच ठरलेलं आहे?"

"बारा नाही, जास्तच. त्या आठांच्या सरासरीपेक्षा आठांतलेही काही वाईटच असणार की."

त्यानं कागदावर स्वतः करून पाहिलं. डॉक्टर लोकांचा दुसऱ्याच्या आकड्यावर विश्वास नसतो. मग कुंद्याला परत हात घातला. गेली तीन वर्षं तो आपल्या सर्वोत्तम दिवसांशी तुलना करून रोज रडत होता. आम्हीही तेच करत होतो, फक्त आम्हाला 'वगळता' म्हणायची सवय होती. बँकेत असं बुडीत कर्ज वगळून ताळेबंद मांडला असता तर तुरुंगात गेलो असतो.

अजून एक गंमत. माझ्या सहाव्या होलच्या नऊचे हँडिकॅपसाठी नऊ धरतच नाहीत. होलाचा पार (त्या होलाला ठरवून दिलेले फटके), अधिक दोन, अधिक त्या होलावर मिळणारे सवलतीचे फटके, एवढीच कमाल मर्यादा. तो पार चारचा होल, मला तिथं एक सवलत, म्हणजे सात. पद्धत काढणाऱ्यांनाच 'वगळता' मान्य आहे तर आम्ही का लाजावं, असं निपाणीकरचं म्हणणं. हा सातचा नियम लक्षात ठेवा, रविवारी लागणार आहे.

शनिवार

हात दुखत होते म्हणून खेळ बंद. गोकाकला गेलो. पावसाळ्यात घटप्रभा इथं अख्खी रुंदी घेऊन सुमारे 170 फूट खाली कोसळते, आवाजानं बोलता येत नाही. जानेवारीत काळ्या कातळावर पाण्याच्या चार दोऱ्या लोंबत होत्या. सहल फसली असं कुणी म्हणालं नाही, कारण करदंट घ्यायचंच होतं. डिंक, सुकामेवा आणि गूळ. दाताचा डॉक्टर बरोबर असताना करदंट खाणं यात वेगळीच मजा आहे. तो प्रत्येक घासाला आमच्याकडे गिऱ्हाईक म्हणून बघत होता.

धबधब्याच्या काठावर त्यानं छत्री उलटी धरून पाचपन्नास वेळा स्विंग केला. एका शाळकरी मुलीनं आईला कन्नडमधून काहीतरी विचारलं, आईनं तिला ओढून पलीकडे नेलं.

परतताना उद्यमबागेत थांबलो. शॉप बंद होतं पण यजमानाला काहीतरी दाखवायचं होतं. त्यानं पुठ्ठ्याच्या पेटीतून होलात बसवायची एक जुनी वाटी काढली, व्हर्नियर लावला आणि मला वाचायला सांगितलं. 108 मिलिमीटर. मग माझ्या खिशातला बॉल. बेचाळीस पूर्णांक सात दशांशाच्या आसपास. नियमानं 42.67 पेक्षा लहान चालत नाही.

"भागून बघ," तो म्हणाला. "अडीच बॉल शेजारी शेजारी मावतात. मग सहा फुटांवरनं का जात नाही तुझा?"

"टॉलरन्स कमी आहे."

"टॉलरन्स भरपूर आहे. तुझा हात लेथवर लावला असता तर मी पहिल्याच दिवशी घरी पाठवलं असतं."

रविवार

यजमानानं सकाळीच जाहीर केलं, आज स्टेबलफर्ड. फटके मोजायचे नाहीत, गुण मोजायचे. आपल्या सवलतीसह होलाला पार झाला तर दोन गुण, एक जास्त लागला तर एक, एक कमी लागला तर तीन, आणि दोन किंवा त्याहून जास्त फटके वर लागले तर शून्य. शून्य झालं की बॉल उचलायचा, दहाबारा मोजत बसायची गरज नाही. ही पद्धत फ्रँक स्टेबलफर्ड या इंग्रज डॉक्टरनं बसवली, 1932 साली लिव्हरपूलजवळच्या वॉलेसीला तिची पहिली स्पर्धा झाली. तिथं समुद्रावरचं वारं असं, की एका होलाला सगळा दिवस वाया जायचा. "डॉक्टरच होता ना," आमचा डॉक्टर म्हणाला. "पेशंटचं दुःख कमी करणं आमचं कामच आहे."

सवलत मला सत्तावीस. म्हणजे प्रत्येक होलाला एक आणि अवघड नऊ होलांना आणखी एक.

तिसऱ्या होलवर माझा आजवरचा सर्वांत सरळ ड्राइव्ह पडला. मधोमध. मामा पहिल्यांदाच उजवीकडे न जाता सरळ चालले आणि मला एवढा आनंद झाला की मी बॅग तिथंच विसरून पुढं गेलो. तेवढ्यात एक कावळा उतरला. आधी एक उडी, मान तिरकी, आणखी एक उडी, मग चोचीत बॉल धरून उडाला. वाटेत एकदा निसटला, टप्पा पडला, त्यानं पुन्हा पकडला आणि निलगिरीच्या पलीकडे गेला.

"अंडं म्हणून न्हेतंय," मामा म्हणाले. "पांढराच न्हेतंय. पिवळ्याला शिवत न्हाई."

इथं तिघांचे तीन नियम निघाले. निपाणीकरचं मत, कावळ्यानं जिथं टाकला तिथून खेळ. डॉक्टर म्हणाला, बॉल हरवला, दंड घे. यजमानानं फोनवर नियम काढून वाचला. थांबलेला बॉल बाहेरच्या कुणी हलवला, मग तो कावळा असो की कुत्रा की शेजारच्या होलवरचा माणूस, तर दंड नाही. मूळ जागी दुसरा ठेवायचा, नक्की जागा माहीत नसेल तर अंदाजानं. अट एवढीच, की तसं घडलं हे खात्रीनं माहीत पाहिजे. चार माणसांनी आणि मामांनी पाहिलं होतं. अंदाजाची जागा ठरवताना मी दोन पावलं पुढं सरकलो, मामांनी मला एका बोटानं मागं बोलावलं.

कावळ्यावरून बिबट्या निघाला. बेळगावच्या गोल्फ मैदानावर उभं राहून बिबट्याची गोष्ट न निघणं अशक्य. 2022 च्या ऑगस्टमध्ये जाधवनगरात शिरलेला बिबट्या या झाडीत येऊन दडला. पिंजरे लावले, कॅमेरे लावले, आसपासच्या शाळा कित्येक दिवस बंद, शेवटी सक्रेबैलच्या छावणीतून हत्ती आणले. बिबट्या काही मिळाला नाही. "तीन मिनिटंच शोधायचं असतंय न्हवं?" मामा म्हणाले. "हेनी म्हयनाभर शोधले." 2019 च्या नियमबदलात बॉल शोधायची वेळ पाचावरून तीन मिनिटांवर आली. तो नियम मामांना डॉक्टरपेक्षा पक्का पाठ आहे.

खेळ चालू राहिला आणि काहीतरी विचित्र होऊ लागलं. मी बरा खेळत होतो. फटके मोजायचे नव्हते म्हणून असेल, किंवा मामा जे आयर्न उपसून ठेवत होते तेच घेत होतो म्हणून असेल. एका होलवर ड्रायव्हरकडे हात गेला तर ते म्हणाले, "साहेब, सात नंबर मारून सोडा की. फुडचं फुडं बघू." मारून सोडला. पाच लागले, तीन गुण.

आणि मग सोळावा. पार चार, मला दोन सवलती. ड्राइव्ह झाडाच्या बुंध्याला, दुसरा बाहेर काढला, तिसरा बंकरमध्ये. बंकरमधून पहिल्या फटक्यात वाळू बाहेर आली, बॉल नाही. पाचवा बाहेर, सहावा चिप ग्रीनच्या पलीकडे, सातवा परत, होलापासून सहा फुटांवर थांबला.

"उचल," डॉक्टर म्हणाला. "आठव्यात पडला तरी शून्यच."

खरं होतं. मागचे लोक टीवर येऊन ताटकळत होते. मी वाकून बॉल उचलला, खिशात टाकला, आणि मामांनी झेंडा परत लावला. काहीच वाटलं नाही. उरलेले दोन होल पाच आणि पाच.

एकूण 37 गुण. 36 म्हणजे हँडिकॅपला खेळलो, आणि हे त्याहून एक जास्त. चौघांत पहिला. निपाणीकरनं मिठी मारली, डॉक्टरनं नव्या पिवळ्या बॉलची डबी बक्षीस दिली, जी कावळ्याला घाबरून त्यानं स्वतःसाठीच घेतली होती. घरी फोन केला.

"किती?" बायको.

"सदतीस."

"सदतीस?" तिकडे शांतता. "म्हणजे अदितीपेक्षा कमी?"

समजावताना लक्षात आलं. मी कार्ड पुन्हा हातात घेतलं आणि सवयीनं प्रत्येक चौकटीत कोपऱ्यात लिहिलेले फटके बेरजेला घेतले. सोळावा सोडून सतरा होल. नव्वद.

तीनदा बेरीज केली. नव्वदच.

सहा फुटांचा तो पट एकात गेला असता तर आठ, एकूण 98. दोनात गेला असता तर 99. तीनात, शंभर. बारा वर्षांत पहिल्यांदा शंभराच्या आत आलो होतो की नव्हतो, ते माझ्या खिशात पडून होतं.

रात्री मांडे होते. परातीएवढे, कागदासारखे, साखर आत भाजलेली. पण व्हरांड्यात कुणी घडी मोडेना, वाद पेटला होता. यजमानानं सायंकाळीच फोनवर स्कोअर भरला होता आणि तिथं हँडिकॅपच्या नियमानं सोळाव्याला पार चार, अधिक दोन, अधिक सवलतीचे दोन, असे आठ धरले होते. एकूण 98.

"झालं," तो म्हणाला. "अठ्ठ्याण्णव. नोंद आहे."

"नोंद आहे, पण पट कुठं आहे?"

"शुक्रवारी तुझ्या नऊचे सात केले तेव्हा नाही विचारलंस," डॉक्टर.

हे लागलं, कारण बरोबर होतं. निपाणीकरचं म्हणणं, सहा फुटांतले निम्मे जातात, म्हणून साडेअठ्ठ्याण्णव लिहावं. मामा पायरीवर बसून मांड्याचा तुकडा मोडत होते. त्यांना विचारलं.

"साहेब, होलात बॉल पडला की 'टोक्' करतंय," ते म्हणाले. "आज तुमचं सतरा टायमाला आयकलो."

सोमवार

पुण्याला जायला उशीर होणार हे माहीत असून सकाळी साडेसहाला मैदानावर गेलो. यजमान बरोबर होता, झोपेत. पटर आणि कालचाच बॉल घेतला, बाकी काही नाही. स्वतःला सांगितलं की हे मोजायचं नाही, फक्त बघायचं. सोळाव्याच्या ग्रीनवर दव होतं, त्यावर एका टिटवीच्या पावलांची सरळ रांग.

झेंडा दिसेना. मग दिसला, पलीकडच्या कोपऱ्यात, वीसेक पावलांवर. पहाटे माळ्यानं होल हलवला होता, आठवड्याला हलवतात तसा. कालच्या जागी फक्त बुजवलेल्या होलाची गोल खूण होती.

यजमानानं खिशात हात घातला. व्हर्नियर काढतो की काय असं वाटलं, पण गाडीची किल्ली होती. "डॉक्टरला कोल्हापुरात बाराचा पेशंट आहे," तो म्हणाला.

मी खुणेपासून दोन पावलं मोजली, बॉल ठेवला आणि पट मारला. बॉल खुणेच्या बरोबर मध्यावरून गेला आणि पुढं तीन फूट जाऊन थांबला.